हप्त्यावरची गाडी नेपाळात: बँकेला दीड तारा, भन्सारला चार

माझं नागपुरात झेरॉक्सचं दुकान आहे, आरटीओपासून चालत पाच मिनिटांवर. एकवीस वर्षं झाली. आरसी, लायसन्स, पीयूसी, पॉलिसी यांच्या इतक्या प्रती काढल्यात की कुठल्या कामाला कुठला कागद लागणार हे मला गिऱ्हाइकाच्या आधी कळतं, असा माझा समज होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही आमची अर्टिगा नेपाळला नेऊन आणली आणि तो समज बराचसा उतरला.

गाडी कर्जावरची. ८४ हप्त्यांपैकी ३१ भरून झाले होते. गाडी माझ्या नावावर, कर्जही माझ्याच नावावर, चालवतात मात्र आमचे हे. आरसीवर माझ्या नावाखाली बँकेचं नाव आहे, म्हणजे कागदोपत्री आम्ही दोघी मालकिणी. दुकानात आता निम्मी माणसं मला एकच विचारतात, हप्ते चालू असताना गाडी देशाबाहेर नेता येते का? येते. नेपाळसाठी तर कार्नेसारखं, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कस्टमच्या हमीपत्रासारखं, मोठं प्रकरणही लागत नाही. पण वाटेत तीन खिडक्या आहेत. एक बँकेची, दुसरी विमा कंपनीची, तिसरी नेपाळच्या भन्सारची, म्हणजे त्यांच्या कस्टमची. तिन्ही खिडक्यांबद्दल मला लिहायचंय. बँक आणि विमा कंपनी यांची नावं लिहीत नाही. दोघांशी अजून बरेच महिने संबंध आहे.

जायचं कारण सासूबाई. वय ७१. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात, आणि दरवर्षी घरी येऊन म्हणतात, "एकदा लुंबिनी पाहून घेतली असती." त्या वर्षी मुलगा म्हणाला, आजी, आपली गाडी आहे ना. झालं. अकरावीतलं पोर बोलून मोकळं झालं आणि कागद माझ्या गळ्यात आले.

पहिली खिडकी बँकेची. कर्जाच्या करारावर सही करताना कोणी वाचत नाही, मीही वाचला नव्हता. झेरॉक्स मात्र काढून ठेवली होती. आता वाचला तर त्यात स्पष्ट होतं की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय वाहन देशाबाहेर नेऊ नये. म्हणून अर्ज टाइप केला, मुक्कामाच्या तारखा टाकल्या आणि शाखेत गेले.

कर्ज विभागातला मुलगा तरुण होता, नम्र होता. त्याने अर्ज वाचला आणि म्हणाला, "मॅडम, कर्ज संपल्याशिवाय एनओसी नाही मिळत."

"मला संपल्याची नकोच आहे."

"मग गाडी विकून राहिल्या का?"

"नाही हो. फिरायला नेऊन राहिलो, नेपाळला."

"मग आरटीओतून फॉर्म २८ काढा."

इथे मला माझ्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल, कारण अर्धी माणसं याच जागी वाट चुकतात. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर आरटीओ जी एनओसी देतं ती फॉर्म २८. कर्ज फिटल्यावर आरसीवरून बँकेचं नाव काढायला लागतो तो फॉर्म ३५, आणि त्यासोबत बँक देते ती दुसरी एनओसी. आम्हाला हवा होता तिसराच कागद: अमुक गाडी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, फिरायला म्हणून नेपाळला नेण्यास बँकेची हरकत नाही, गाडी परत येणार आहे. या तिसऱ्या कागदाला फॉर्म नंबर नाही. आणि ज्याला नंबर नाही तो कागद बँकेच्या कॉम्प्युटरात सापडत नाही.

एकोणीस दिवस आणि पाच चकरा. तिसऱ्या चकरेला पत्र हातात पडलं, त्यात लिहिलं होतं की सदर वाहन "नेपाळ राज्यात स्थलांतरित" करण्यास हरकत नाही. कोणीतरी फॉर्म २८ चा मजकूर उचलून महाराष्ट्रानंतर नेपाळ घातलं होतं. मी तिथल्या तिथे परत केलं. चौथ्या चकरेला मजकूर बरोबर होता, इंग्रजीत होता, गोल शिक्का होता. मी सवयीने चॅसी नंबरावर बोट ठेवून आरसीशी ताडून पाहिला. अकराव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाइप केलेला. चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येतच नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. मी हे त्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं कोण पाहते मॅडम?" मी म्हटलं, "कस्टमवाला पाहील." (त्याने पाहिलं नाही. ते पुढे.)

पाचव्या चकरेला बिनचूक पत्र मिळालं. पैसे घेतले नाहीत, हे मान्य करते. म्हणून दीड तारा. एक तारा त्या मुलाच्या स्वभावाला, अर्धा फुकट दिल्याबद्दल. बाकी साडेतीन तारे करार लिहिणाऱ्याने आणि खिडकीवर बसणाऱ्याने एकमेकांना कधी भेटावं यासाठी राखून ठेवलेत.

दुसरी खिडकी विम्याची, आणि खरं महत्त्वाचं काम हे. बहुतेकांना हे माहीतच नसतं. आपली गाडीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते; सीमेपलीकडे गाडीला काही झालं तर ती पॉलिसी म्हणजे नुसता कागद. पण तीच पॉलिसी वाढवून मिळते. त्याला भौगोलिक क्षेत्र वाढवणं म्हणतात, एन्डॉर्समेंटचं, म्हणजे पॉलिसीला जोडायच्या पुरवणीचं, नाव आयएमटी १. पूर्ण पॉलिसीवर ५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये मी भरले. त्यात सहा देशांची नावं येतात: बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. मालदीवला अर्टिगा कशी न्यायची हे मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, "ताई, छापील आहे."

एजंटने आधी टाळाटाळ केली. "नेपाळ म्हणजे आपलंच आहे, कोण विचारते." हे वाक्य मला सगळ्या प्रवासात इतक्या लोकांनी ऐकवलं की शेवटी त्याचा राग येऊ लागला. पण मी पाठपुरावा केला आणि तीन दिवसांत मेलवर एन्डॉर्समेंट आली, पॉलिसी नंबर बरोबर, गाडी नंबर बरोबर, तारखा बरोबर. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवण्याची जी सोय पॉलिसीत होती ती मात्र भारतापुरतीच राहिली. माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात होतं. म्हणून यांनी निघण्याआधी चारही टायर, ब्रेक पॅड आणि बॅटरी दाखवून घेतली.

विम्याला चार तारे. पाचवा का नाही ते काचेच्या वेळी सांगते.

कागदांचे तीन संच केले. प्रत्येकात आरसी, लायसन्स, पीयूसी, पॉलिसी, एन्डॉर्समेंट, बँकेचं पत्र आणि माणसांची ओळखपत्रं. माणसांचंही सांगते, कारण व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही असं नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आमच्याकडे मतदार कार्डं होती, आणि तसंही २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्याआधी घरी यायचंच होतं. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना आधार चालतं, म्हणून आईंचं (सासूबाईंचं) आधार. मुलगा सोळाचा, तो दोन्हीकडून अडलेला. १५ ते १८ वाल्यांसाठी मुख्याध्यापकांचं ओळखीचं प्रमाणपत्र लागतं. ज्युनियर कॉलेजच्या प्राचार्यांनी ते एका दिवसात दिलं. बँकेने प्राचार्यांकडे शिकवणी लावावी.

नागपूर ते सोनौली हजार किलोमीटरच्या आसपास. सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर. पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी उंच उचललेला रस्ता आहे, तो सोडला तर या भागाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. एक रात्र रीव्याला काढली, दुसरी गोरखपूरला. तिथून सीमा शंभर किलोमीटरच्या आत.

सकाळी सातला सोनौलीत पोचलो तर डावीकडे ट्रकांची रांग लागलेली, संपता संपेना. काही ड्रायव्हर ट्रकखाली चूल मांडून बसलेले. छोट्या गाड्यांना उजवीकडून काढून देतात. एसएसबीच्या (सशस्त्र सीमा बलाच्या) जवानाने डिकी उघडायला लावली, आतल्या चिवड्याच्या डब्याकडे आणि आईंच्या वॉकरकडे पाहिलं, "कहाँ से?" विचारलं. "नागपूर." "संतरा लाये हैं?" नव्हता आणला. कमान ओलांडली आणि आम्ही परदेशात होतो. मुलाच्या मोबाइलवर घड्याळ पंधरा मिनिटांनी पुढे उडी मारून बसलं.

नेपाळची एक गंमत अशी की परदेश असूनही पाट्या वाचता येतात. अक्षरं आपलीच. मुलाने मोठ्याने वाचलं, "भैरहवा भन्सार कार्यालय." आई म्हणाल्या, "भणसार? काय करते तिथं, मसाला?" त्यांना पूर्ण प्रवासात भन्सार म्हणजे एखादा मसालाच वाटला.

बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एजंट बसलेले असतात. आमच्यावाल्याकडे एक टेबल, एक प्रिंटर आणि चार खुर्च्या. प्रिंटर पाहून मला बरं वाटलं. माझ्याकडे सात वर्षांपूर्वी होता तोच, आणि तसाच कागद तिरका ओढत होता. मी त्याला सांगितलं की मागची ट्रे जरा दाबून लाव. त्याने लावली. कागद सरळ आला. त्यानंतर मी त्याच्यासाठी 'दीदी' झाले आणि त्याने माझ्या संचातल्याच प्रती वापरल्या, स्वतःच्या झेरॉक्सचे पैसे लावले नाहीत. फॉर्म भरण्याचे त्याने घेतलेले पैसे आमच्या सकाळच्या चहानाश्त्यापेक्षा कमी होते. स्वतःही भरता येतो फॉर्म, पण हा माणूस तुमची वीस मिनिटं वाचवतो आणि कुठल्या खिडकीवर आधी जायचं ते सांगतो.

तो विचारतो, किती दिवस? इथे सरळ उत्तर देऊ नका. आमचा मुक्काम सात दिवसांचा होता, मी आठ सांगितले. भन्सार रोजाच्या हिशेबाने भरायचा असतो आणि मुदत उलटली तर दंड. एक दिवस जास्तीचा घेतला तर जे पैसे जातात ते आपल्या हॉटेलच्या एका रात्रीपेक्षा कमी असतात. वर्षातून तीस दिवसांपेक्षा जास्त भारतीय गाडी ठेवता येत नाही, पण हप्ते भरणाऱ्याला एवढी सुट्टी मिळते कुठे.

आत खिडकीवर अधिकारी बसलेले. त्यांनी आरसी घेतली, वर पाहिलं आणि विचारलं, "सवारी धनी को हो?"

नेपाळी येत नसलं तरी यातला 'धनी' मला बरोबर कळला. मी यांच्याकडे बोट केलं. हे पुढे झाले. अधिकाऱ्याने आरसी पाहिली, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा आरसी पाहिली. "नाम त महिलाको छ." मग एजंट हिंदीत धावून आला: सवारी म्हणजे वाहन, धनी म्हणजे मालक, गाडीचा मालक कोण विचारतायत. मी म्हटलं, मी. यांनी हसून सांगितलं, "धनी मीच, पण मालकीण ही." ते कोणाला कळलं नाही, मला कळलं आणि पुरे झालं.

याच्यात एक कामाची गोष्ट आहे. ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूस सोबत असला तर प्रश्न मिटतो. नसला तर त्याचं अधिकारपत्र न्यावं. दुकानात परवा एकजण भावाची गाडी नेतो म्हणत होता, त्याला मी आधी भावाला घेऊन ये म्हटलं.

आता बँकेचं पत्र. एकोणीस दिवस, पाच चकरा, इंग्रजी 'ओ'. अधिकाऱ्याची नजर आरसीवरच्या बँकेच्या नावावरून गेली आणि थांबली नाही. मी न मागता पत्र पुढे सरकवलं. त्यांनी एका बोटाने ते माझ्याकडे परत सरकवलं, कारण त्याच्याखाली त्यांचं स्टेपलर अडकलं होतं. पूर्ण प्रवासात, जाताना, येताना, वाटेतल्या चार पोलिस तपासण्यांत, ते पत्र एकानेही मागितलं नाही.

मग घ्यावं की नाही? मी म्हणते घ्यावं. सीमेवरच्या माणसाला तुमच्या कर्जाशी देणंघेणं नाही, पण गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, आणि त्या दिवशी तो करार कोणीतरी नक्की वाचतं.

भन्सारची चिठ्ठी हातात आली. पातळ कागद, गाडी नंबर देवनागरीत, शिक्का, आणि तारीख कार्तिक २०८१. मी पहिल्यांदा पाहिलं आणि काळजात धस्स झालं. वाटलं टायपिंगची चूक, आता ५७ वर्षं पुढची तारीख घेऊन मी कुठे फिरू. तिथे विक्रम संवत चालतो. मुलगा म्हणाला, "आई, २०८१ पर्यंत तर आपलं कर्जपण फिटलं असेल."

पैशांचं एक वाक्यात: भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे नेपाळी, हा दर ठरलेला आहे. तेव्हा शंभरपर्यंतच्याच भारतीय नोटा न्यायचा नियम होता, म्हणून गोरखपूरच्या एटीएममधून निघालेल्या पाचशेच्या नोटा मोडताना यांना दोन पेट्रोल पंप फिरावे लागले. पोखऱ्यात काही दुकानांत यूपीआयचा क्यूआर चालला, काहींत नाही. फास्टॅग अर्थातच नाही.

भन्सारला चार तारे. दीड तासात काम झालं, कोणी चहापाणी मागितलं नाही, बसायला खुर्ची होती. पाचवा तारा शौचालयाने खाल्ला.

लुंबिनी तिथून तासाभराच्या आत. मायादेवी मंदिराच्या बाजूला अशोकाचा स्तंभ उभा आहे, त्यावर ब्राह्मीत लिहिलंय की राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला आणि लुंबिनी गावाचा कर कमी करून आठवा हिस्सा केला. यांनी गाईडला विचारलं, मग आपला भन्सार का नाही कमी केला. आई ते ऐकायला नव्हत्या. त्या मंदिरातून बाहेर आल्या आणि पुष्करिणीच्या पायऱ्यांवर बसल्या. पाऊण तास बसल्या. मुलगा पाणी देऊन आला, मी शाल देऊन आले, त्यांनी दोन्ही घेतलं आणि आमच्याकडे पाहिलं नाही. नंतर गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "चला आता कुठंही."

कुठंही म्हणजे पोखरा. बुटवलवरून वर चढलं की सिद्धबाबाचा घाट लागतो, दरड कोसळण्याबद्दल प्रसिद्ध. खाली बोगद्याचं काम चालू होतं. तिथे यांनी रेडिओ बंद केला. पुढे पाल्पा, मग स्याङ्जा. स्याङ्जाला रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, सुन्तला म्हणत होत्या. सुन्तला म्हणजे संत्रं. नागपूरच्या माणसाला दुसऱ्याचं संत्रं चाखायला लावणं म्हणजे परीक्षाच. आम्ही चौघांनी गाडीतून उतरून एक-एक सोललं. साल सैल, फोडी लहान, आंबटाकडे झुकलेलं, पण वास असा की गाडीत दोन दिवस राहिला. आई म्हणाल्या, "आपलं गोड आहे." मग दोन किलो घेतली.

वाटेत पोलिस हात दाखवतात तेव्हा दोन शब्द लक्षात ठेवा. "भन्सार?" म्हटलं की ती चिठ्ठी, आणि "ब्लूबुक?" म्हटलं की आपली आरसी. पहिल्यांदा ब्लूबुक ऐकून हे म्हणाले, आमच्याकडे निळं काही नाही. चौघांनीही सीटबेल्ट लावलेत का तेही पाहतात, मागच्यांचासुद्धा. वागणं सगळ्यांचं सरळ होतं.

पोखऱ्याबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहिलंय. डोंगर दोन सकाळी दिसला, तिसऱ्या सकाळी नाही. आमचा हप्ता दहा तारखेला कापला गेला होता त्याचा मेसेज मला तिथल्या वायफायवर आला, तळ्याकाठी, समोर माछापुच्छ्रे शिखर असताना. बँकेची वेळ मात्र अचूक.

परत येताना मुग्लिंग, नारायणगढ, सौराहात एक रात्र, आणि मग बुटवलकडे. नारायणगढ ते बुटवल हा रस्ता रुंद करण्याचं काम तेव्हा वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि त्यातला दाउन्नेचा चढ म्हणजे नुसती धूळ, खड्डे आणि टिपर. पुढची गाडी दिसत नव्हती, तिचे लाल दिवे तेवढे. तिथेच पुढच्या टिपरच्या चाकातून गोटा उडाला आणि काचेवर बसला. आवाज गोळीसारखा. आधी रुपयाच्या नाण्याएवढा तडा, ड्रायव्हरच्या बाजूला खाली. भैरहव्याला पोचेपर्यंत त्याला शेपूट फुटून ते वायपरपर्यंत आलं. जाममध्ये चार तास गेले आणि आम्ही अंधारात पोचलो, त्या रात्री सीमा ओलांडलीच नाही. तो जास्तीचा आठवा दिवस कामी आला तो असा.

हॉटेलच्या वायफायवरून विमा कंपनीला कळवलं. आधी ॲपवर. ॲप विचारतं अपघाताचं राज्य कोणतं, आणि यादीत आंध्रपासून पश्चिम बंगालपर्यंत सगळं आहे, नेपाळ नाही. ५९० रुपये घेताना नेपाळ होतं. पाचवा तारा इथे गेला. मग हेल्पलाइनवर फोन. तिकडच्या मुलीने एन्डॉर्समेंट उघडून पाहिली, जागा लिहून घेतली, काचेचे आणि गाडी नंबरचे फोटो मागवले आणि दावा नंबर दिला. पंधरा मिनिटं.

आता माझ्या सवयीची गोष्ट. सकाळी परत जाताना भन्सारची चिठ्ठी सीमेवर जमा करावी लागते. मी आदल्या रात्री हॉटेलच्या खालच्या दुकानात जाऊन तिची प्रत काढून घेतली. हे म्हणाले, आता कशाला, संपलं ना. मी म्हटलं, माझ्या हातून मूळ कागद प्रतीशिवाय जात नाही. नागपुरात विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "त्या तारखेला गाडी नेपाळात होती याला काही पुरावा?" मी प्रत पुढे केली. त्याने कार्तिक-मंसिर (मार्गशीर्ष) २०८१ वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ५७ वजा करा.

काच बदलून मिळाली. काचेच्या भागांवर घसारा लावत नाहीत, फक्त सक्तीचे १००० रुपये आपल्याला भरावे लागतात. आमच्या गाडीचं इंजिन १५०० सीसीच्या खालचं आहे म्हणून हजार, वरचं असतं तर दोन हजार. काच मारुतीच्या वर्कशॉपमध्ये बसवली, अर्ध्या दिवसात. ५९० रुपयांत यापेक्षा जास्त मला कशात मिळालेलं आठवत नाही.

मतदान केलं. फाइल दुकानात ठेवली, वरच्या फळीवर.

गेल्या महिन्यात एक जोडपं आलं. त्यांची गाडी हप्त्यावर, त्याच बँकेची, आणि त्यांनाही नेपाळला जायचं. खिडकीवरच्या मुलाने त्यांना सांगितलं होतं, "आरटीओजवळ एक झेरॉक्सवाल्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे मजकूर आहे, तो टाइप करून आणा, आम्ही शिक्का मारून देतो." मी फळीवरून फाइल काढली. चॅसी नंबर स्वतः टाइप केला, सतराच्या सतरा. मजकुराचे पन्नास, झेरॉक्सचे पानाला दोन. बाईंनी विचारलं, भन्सारसाठी काही न्यावं लागते का? आई मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी चाखून पाहा."